तीन रात्री उशाशी

हिरा लाभावा लागतो, असं माझ्या बायकोच्या माहेरी मानतात. म्हणून तो पक्का करण्याआधी तीन रात्री उशाशी ठेवायचा. वाईट स्वप्न पडलं, घरात कुणी आजारी पडलं, तर कारण न सांगता सराफाला परत करायचा. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे; मला हे ऐकून हसू यायचं. तिला ते माहीत होतं.

सात वर्षांपूर्वी तिच्यासाठी हिऱ्याच्या कुड्या घ्यायला मी एकटाच कसबा पेठेतल्या सराफाकडे गेलो. त्याने दोन जोड पुढे ठेवले. एकातले हिरे खाणीतले, दुसऱ्यातले प्रयोगशाळेत वाढवलेले. हिऱ्याच्या पातळ चकतीवर, बंद पात्रात, तापलेल्या वायूतला कार्बन थरावर थर बसत जातो आणि काही आठवड्यांत हिरा तयार होतो, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. सराफाच्या तपासायच्या साध्या यंत्रालाही दोन्हींत फरक कळला नाही. मी दुसरा जोड निवडला. तीन रात्रींचं विचारल्यावर सराफ म्हणाला, "न्या की. पण काका, याला मागचं-पुढचं काहीच नाही. हा काय लाभणार आणि काय बाधणार?"

घरी मी फक्त कुड्या दिल्या. हिरे प्रयोगशाळेतले असल्याचं सोबतचं कार्ड एका जाड संदर्भग्रंथात ठेवून दिलं. तिला सांगितलं असतं, तर ती "म्हणजे खोटे" म्हणाली असती, आणि खोटे नाहीत हे समजावण्यात माझी संध्याकाळ गेली असती. खरं कारण एवढं क्षुल्लक होतं.

दुसऱ्या रात्रीनंतर, सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "रात्रभर कानांच्या पाळ्या गार पडल्या होत्या. स्वप्नात कुणीतरी माझ्यातली ऊब काढून घेत होतं. परत करूया का?"

मी पेपर वाचत होतो. हिरा उष्णता तांब्यापेक्षा कितीतरी वेगाने वाहून नेतो. म्हणून तर तापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांखाली त्याच्या पातळ चकत्या बसवतात. हे सगळं मला येत होतं. मी म्हणालो, "अगं, डबीतला हिरा कान कसा गार करेल? काही होत नाही." ती हसली. तिसऱ्या रात्रीबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. कुड्या राहिल्या.

गेल्या वर्षी ती गेली. आजार लांबला होता. शेवटी शेवटी तिचे हात इतके गार असत की मी ते माझ्या दोन्ही तळव्यांत धरून बसे आणि मला त्या सकाळच्या चहाचा वास येई. अजूनही येतो. वाचनालयात, बसमध्ये, कुठेही. मागून कुणीतरी अगदी साध्या आवाजात विचारतं, परत करूया का?

मुलगी कर्वेनगरला राहते. एका कंपनीत सर्किट बोर्डांचं काम करते. या महिन्यात ती आईच्या कुड्या न्यायला आली, तेव्हा तिची मावशी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, घरी होती.

"हात लावू नकोस त्यांना," मावशी म्हणाली. "तिला लाभल्या नाहीत त्या. भावोजी, तुम्ही हसाल. हसा."

मी हसलो नाही. ग्रंथातलं कार्ड काढून दोघींसमोर ठेवलं.

मावशीने चष्मा लावून ते वाचलं. "म्हणजे कारखान्यातले? आणि ती बिचारी तीन रात्री उशाशी घेऊन झोपली!"

"मावशी, हिरेच आहेत ते," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे असलेच बोर्डावर बसवतात. त्यात लाभण्यासारखं काय आहे?" मग माझ्याकडे वळून, "आईला माहीत होतं?"

"नाही." मग मी उरलेलंही सांगितलं. स्वप्न, गार पाळ्या, परत करूया का, आणि माझं उत्तर.

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी आवरल्याचा आवाज येत राहिला.

"मला स्वप्नाचं काही वाटत नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "पण ती विचारत होती. आणि जे तुला माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं."

तिने डबी माझ्याकडे सरकवली. "मला नको सांगूस. तिला सांग. मग मी घेऊन जाईन."

"तिला कसं सांगू?"

"ते मला काय माहीत? शिक्षक तू आहेस."

तेव्हापासून रोज सकाळी मी बायकोच्या फोटोसमोर बसतो. कार्बन, वायू, थर, इथवर नीट येतं. वर्गात शिकवल्यासारखं. त्यानंतरचं वाक्य 'मी' या शब्दाने सुरू करावं लागतं, आणि तिथे मी उठतो. काल ते अर्ध्यापर्यंत म्हणून झालं. डबी अजून माझ्याकडेच आहे.