पांढरे मोजे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विजयला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय तेही माझं मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते तसं होतं यावर माझा विश्वास नाही. एक आकडा चार वर्षं माझ्या वहीत पडून आहे. तो चुकीच्या माणसाच्या नावावर खपवला गेला आणि खपवला मी. एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सत्तावीस वर्षं झाली. यंत्रातून निघालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, पास किंवा नापास. हातात पांढरे सुती मोजे घालायचे, कारण बोटांच्या घामाने भाग गंजतो. लोक माझ्या मोजण्याला हसतात. हसोत. मला त्याची लाज नाही, आजही नाही.

विजय माझ्याच विभागातून निवृत्त झाला आणि वांगणीला आपल्या शेतावर राहायला गेला. तिथे त्याने प्लास्टिक अंथरलेलं शेततळं केलं. जागा त्याची; मासळीचं बीज आणि खाद्य अर्धं माझं. रोहू आणि कटला मिळून दोन हजार पिल्लं सोडली. मी ठरवलं की दर रविवारी दहा मासे काढून लांबी आणि वजन घ्यायचं. तोच मासा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून शेपटीचं टोक कात्रीने किंचित कापायचं. म्हणजे खूण राहते. आणि मासे हाताळताना — हसू नका — मी कंपनीतले पांढरे मोजे घालत असे. नवे, धुतलेले, कोरडे. माझ्या लेखी तीच स्वच्छता.

जाळं टाकायला सोमा यायचा. जवळच्या कातकरवाडीतला, साठीच्या पुढचा. विजयचं धरून आसपासच्या चार तळ्यांवर त्यालाच बोलवत. अख्खं गाव, शाळेतली मुलंसुद्धा, त्याला ‘ए सोमा’ म्हणायची. मी मात्र सोमाकाका म्हणायचो. हे का सांगतो? कारण त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

त्याचा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, गोल उघडायचा, पाण्यावर ताट ठेवावं तसा. एका फेकीत तीस-चाळीस मासे. मी दहा घ्यायचो, बाकीचे तो हात पाण्यात बुडवून एकेक उचलून सोडायचा. पहिल्याच रविवारी तो मला म्हणाला,

“सायेब, हात वला करा. सुक्या हातान मासा धरू नये. बुळबुळ निघून जाते त्याची.”

मी त्याला मोज्यांचं महत्त्व समजावून सांगितलं. घामात क्षार असतात वगैरे. तो ऐकून घेत राहिला. विजय म्हणाला, “सोमा, हे आमचे इन्स्पेक्टर आहेत, तुझ्या माशालाही नापास करतील.” सोमाकाका हसला. मीही हसलो.

नऊ रविवार झाले. नव्वद मासे. जानेवारीत थंडी पडली, तळ्याच्या कडेला मासे सुस्त तरंगायला लागले. अंगावर कापसाचे पुंजके. खरंच कापसासारखे — पांढरे, मऊ, पाण्यात हलणारे. विजय घाबरला. त्याने निवृत्तीचे पैसे या तळ्यात घातले होते.

मत्स्यशेतीची माहिती असलेल्या एका गृहस्थांना मी फोन केला. ते म्हणाले, बुरशी आहे. तिचे बीजाणू पाण्यात असतातच, धडधाकट माशाला काही करत नाहीत. जिथे अंगावरचा बुळबुळीत थर निघालाय, जखम झालीय, तिथे थंडीत धरते. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम खडे मीठ, त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, मासा कलंडला तर लगेच काढा. मग त्यांनी विचारलं, मासे कुणी हाताळले होते का?

मी म्हणालो, बघून सांगतो.

बघितलं. आजारी मासे निघाले सव्वीस. त्यांतल्या तेविसांच्या शेपटीचं टोक कापलेलं होतं. दोन हजारांत माझे नव्वद, पण सव्विसांत माझे तेवीस. उरलेले तीन? मोज्यातून निसटून गेलेले कितीतरी होते, खूण करण्याआधीच. जाळं म्हणावं, तर ते प्रत्येक फेकीतल्या तीस-चाळीस माशांना लागलं होतं. मोजे दहांनाच. आणि पुंजके कुठे होते? शेपटीवर, आणि दोन्ही कुशींवर, अंगठा आणि बोटं जिथे दाबली जातात तिथे. याहून स्पष्ट तपासणी मी नोकरीत कधी केली नाही. वहीत लिहिलं: २६ पैकी २३. वही मिटली.

इथपर्यंत ती चूक होती. तुम्ही म्हणाल, माणसाकडून होते. हो, होते. इथपर्यंतच.

दुपारी शेजारच्या दोन तळ्यांचे मालक बघायला आले. सोमाकाका कडेला उकिडवा बसून मिठाच्या टपातले मासे सांभाळत होता. विजयने सगळ्यांसमोर मला विचारलं, “कशामुळे झालं रे हे?”

मी म्हणालो, “जाळं. चार तळ्यांत तेच जाळं फिरतं. ओलंच.”

मी गोंधळलो नव्हतो. कुणी मला कोपऱ्यात घेतलं नव्हतं. विजय एक शब्द बोलला नसता — फार तर हसला असता, वर्षभर मोज्यांवरून चिडवलं असतं. मला ते हसणं नको होतं. एवढंच होतं पलीकडच्या पारड्यात. आणि माझं सगळ्यांना लगेच पटलं, कारण मी आकड्यांचा माणूस, उगाच बोलत नाही अशी माझी ख्याती. आणि दुसरं कारण तुम्हाला माहीत आहे. ज्याच्यावर बोट ठेवलं तो कातकरी होता.

सोमाकाका उठला. कुंपणावर टाकलेला पाग उचलून त्याने पुढे धरला.

“सुका हाय. हात लावून बघा.”

कुणी हात लावला नाही. मीही नाही. आम्ही चौघं उभे होतो. त्याने थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग खांद्यावर टाकला आणि गेला.

मासे जगले. मीठ लागू पडलं. विजय अजून लोकांना सांगतो की माझ्या हिशोबाने तळं वाचलं. उल्हासनगरच्या दुकानातून नवं जाळं आणलं. मोजे मी गुपचूप बंद केले, हात ओला करायला लागलो. आणि एक पाटी रंगवून घेतली. मजकूर माझाच: ‘बाहेरचे जाळे पाण्यात टाकण्यास सक्त मनाई.’ शेजारच्या दोन्ही तळ्यांनी तशाच लावल्या, चौथ्याने पाटीशिवायच त्याला बोलावणं सोडलं. पुढच्या हिवाळ्यात सोमाकाका बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेला. वाडी दरवर्षी जाते, पण आपण भट्टी आयुष्यात पाहिली नाही, असं तो मला एकदा ताठ मानेने म्हणाला होता.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट, जी मी मुद्दाम इथवर ठेवली. माझ्या घरी दाराच्या समोर बुद्धाची मूर्ती आहे. माझे आजोबा छप्पन साली धर्मांतर करून आले. त्यांच्या गावच्या तळ्यावर त्यांना पाण्याला हात लावायची बंदी होती. तिथे पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती. पाटी लावली ती त्यांच्या नातवाने, वांगणीत, दोन रंगांत.

मला ‘विसरा आता’ म्हणू नका. ‘तुम्हाला निदान वाटतं तरी’ असंही म्हणू नका. वाटण्याने त्याचं एकही तळं परत आलेलं नाही.

गेल्या महिन्यात बदलापूरच्या बाजारात तो दिसला. टपात जिवंत मासे घेऊन बसला होता, नदीतले. मी समोर उभा राहिलो. त्याने ओळखलं. मी वाकलो, बाजूच्या डब्यात हात बुडवून ओला केला, नीट, मनगटापर्यंत, त्याला दिसेल असा. मग मासा उचलायला हात पुढे केला.

त्याने टपावर आपला हात आडवा धरला.

“ऱ्हाऊ द्या, सायेब. मी धरतो.”

त्याने मासा धरला, पिशवीत घातला. मी पैसे दिले आणि घरी आलो.

वही समोर आहे, पान फाडलेलं नाही. रविवारी ती घेऊन मी वांगणीला जाणार आहे. विजय आणि ते दोन मालक असतील तेव्हा आकडा वाचून दाखवीन आणि पाटी काढीन. ते हसतील किंवा हसणार नाहीत. बुरशी माझ्या हातांनी आली. मी जाळ्याला हात लावून पाहिलं नाही, कारण मला आधीच माहीत होतं. जाळं कोरडं होतं.