शिंकणारा पुतळा

आमच्यात सगळे त्याला पुतळाच म्हणायचे. नाटकात कामं करून पोट भरेना, म्हणून तो आमच्या छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमात आला आणि सहा वर्षं कपड्यांच्या दुकानांतून पुतळा होऊन उभा राहिला. अंगात कोरा सूट, चेहऱ्यावर मेणाचा लेप, कानात वाटाण्याएवढं यंत्र. पडद्यामागून मी इशारा केला की शिंकायचं, एवढंच काम. मग गिऱ्हाइकाची जी तारांबळ उडायची, ती बघून घरोघरी लोक पोट धरून हसायचे.

"कोणी बघत नाही असं वाटलं ना, की माणूस आधी पोट आत ओढतो," तो रंगवून सांगायचा. एक धिप्पाड गृहस्थ शिंक ऐकून बायकोच्या मागे लपले होते. एक बाई दचकून पुतळ्यालाच "सॉरी हं" म्हणाल्या होत्या. त्याच्या शिंकेत खोडी असायची, दुष्टावा कधीच नसायचा.

त्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या साठीची एक बाई आली. पायात घरातल्याच सपाता. ती सरळ पुतळ्यासमोर गेली आणि वितीनं त्याचा खांदा मोजायला लागली. मग बाही. ओठ हलत होते. आत आम्ही तोंडावर हात दाबून बसलो होतो. पुतळ्याचं माप घेणारं गिऱ्हाईक! असं रोज थोडंच मिळतं?

"आता," मी म्हणालो.

तो हलला नाही.

"अरे, शिंक! झोपलास का?"

ती काय पुटपुटत होती, ते त्याला ऐकू येत होतं. "एवढाच खांदा होता माझ्या सोन्याचा. एवढाच होता." मला आत काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिसऱ्यांदा ओरडलो, आणि सहा वर्षांच्या सवयीनं तो शिंकला.

बाई किंचाळली नाही, पळाली नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला.

"आहेस? आहेस तू?"

आम्ही टाळ्या वाजवत बाहेर आलो, कॅमेरा दाखवला. ती हसली, सगळेच हसतात तशी, आणि पुढे केलेल्या कागदावर सही केली. बोटांना मेण लागलं होतं. मग तिनं पांढरा शर्ट घेतला. भेट द्यायचाय का, विक्रेत्यानं विचारलं.

"मुलाला घालायचाय. दुपारी नेणार आहेत त्याला."

पुतळ्यानं माझे हात धरले. "हे दाखवू नकोस. पाया पडतो तुझ्या."

"सही केलीय तिनं," मी म्हणालो. तिचं बोलणं कापलं, वर हशा चढवला. आमचा दुसरा कुठलाच भाग लोकांनी एवढा बघितला नाही.

पत्ता शोधून तो तिच्या घरी माफी मागायला गेला. ती रागावली नाही, हेच त्याला सोसवलं नाही. "आजारपणात तुमचं बघूनच तेवढा हसायचा तो," ती म्हणाली. "शर्ट मात्र मोठा झाला रे. केवढा वाळला होता, माझ्या लक्षातच आलं नाही."

त्यानंतर तो उभा राहिला की डोळ्यांतून पाणी यायचं आणि मेण तडकायचं. वरून निरोप आला. मी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. आता तो गोदामात खोकी बांधतो. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा जुजबी बोलला. दुसऱ्यांदा नुसतं बघितलं आणि खोक्याला पट्टी लावत राहिला.

मग मी त्याच्या घरी जाऊन वहिनींना, त्याच्या बायकोला, भेटलो. म्हणाल्या, "यांनी टीव्ही देऊन टाकला. पोरी जरा मोठ्यानं हसल्या की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. परवा धाकटीनं विचारलं, आम्ही हसायचं नाही का? मी काय सांगू तिला, भावजी?"

समोर दोन्ही पोरी अभ्यासाला बसल्या होत्या, अगदी गप्प.