मामाजींचे दोन अल्पाके

अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या अमरावतीत लोकांनी अक्कल गहाण टाकली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. माझे सासरे, म्हणजे मामाजी, कापसाचे व्यापारी, त्यांचं तेवढ्यावर कुठलं भागतंय! त्यांनी मुंबईच्या दलालाकडून अल्पाक्यांची जोडी आणवली.

जनावर उंटाच्या नात्यातलं म्हणे, पण पाठीवर मदार नाही. मान लांब, वरचा ओठ सशासारखा दुभंगलेला. पायाला खूर नाहीत. दोन नखं आणि खाली मऊ गादी. दोघांच्या जाती वेगळ्या. एक हुआकाया, त्याची लोकर अंगभर फुललेली. दुसरा सुरी, त्याच्या लांब चमकदार बटा खाली लोंबायच्या. माझा जीव याच्यावर. चारा घेऊन गेले की तो हलकंच गुणगुणायचा.

जोडी पोचवायला आलेल्या माणसाने जाताना बजावलं होतं, ऊन तापायच्या आत दोघांचीही लोकर कापा. पण मामाजींनी जन्मभर कापूसच पाहिलेला. त्यांनी हुआकायाची लोकर चिमटीत ओढून धागा पाहिला. "हे फुटलं, कापा." सुरीच्या बटा पाहून मात्र मान हलवली. "याचं बोंड अजून बंद हाय. कच्चा माल काढून नाव खराब करू काय?"

सासऱ्याशी सुनेने बोलायची रीत नव्हती. मी सासूबाईंना गाठलं. "मामाजीले सांगा, ते बोंड नोहे, जनावर हाय. उन्हानं मरन."

"तुले कापसातलं काय समजते?" त्या हसल्या.

वैशाखात सुरी तोंड उघडं टाकून धापा टाकू लागला. मी त्याच्या पोटावर पाणी ओतत राहिले. मामाजी रोज येऊन बटा चाचपायचे आणि फुटायची वाट पाहायचे. इतका ठार मूर्ख माणूस मी पुढे आयुष्यात पाहिला नाही, आणि गाव त्यांना कापसातला जाणकार म्हणायचं! एका दुपारी सुरी खाली बसला तो उठलाच नाही.

संध्याकाळी मामाजी जेवायला बसले. गोठ्यात उरलेला एकटा सारखा ओरडत होता.

"हे काहून बोंबलून रायलं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. भाकरी वाढता वाढता मीच बोलले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, थेट त्यांच्याशी.

"त्याचा जोडीदार तुमी मारला, म्हणून."

पंगतीतले सगळे हात थांबले. मामाजींनी ताक मागितलं.