डांबराखालचा देव

नव्वदच्या दशकात मी बारामती एमआयडीसीत नोकरीला होतो. कंपनीचे बडे पाहुणे छोट्या विमानाने यायचे आणि त्यांना आणायला मला धावपट्टीवर पिटाळायचे. तिथं एक म्हातारा धनगर रोजंदारीवर होता. विमान यायच्या आत पट्टीवर शिरलेली मेंढरं हाकलायची, हे त्याचं काम. काठी आपटत, हुर्र हुर्र करत तो पळायचा. एका जागी मात्र थांबायचा, पायताण काढून हातात घ्यायचा आणि तेवढं डांबर अनवाणी ओलांडायचा. भर एप्रिलातसुद्धा.

एकदा एका पाहुण्याने ते पाहिलं. "याला चटके बसत नाहीत?"

"सवय असते यांना," मी दात काढत म्हणालो.

पाहुणे गाडीत बसल्यावर म्हातारा जवळ आला. "सवय न्हाय, सायेब. आमच्या बिरोबाचा दगड हितंच खाली गाडलाय. इमान कुठंबी उतरलं असतं की. देवानं कुठं जायाचं?"

आता विमानतळावर तपासणीला बूट काढायला लावतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. राग त्या शिपायाचा नसतो, माझाच असतो. म्हाताऱ्याने तेव्हाच मला एक ठेवून द्यायला हवी होती. तो मला साहेब म्हणाला.