तिला पाठ असलेला एकच नंबर

छत्रीबाग मोहल्ल्यातली एक बाई पोलीस ठाण्यात आली. नवरा मारतो, अशी तक्रार. मी तिथला ठाणा प्रभारी. ऑनलाइन तक्रारीची सोय नुकतीच सुरू झाली होती, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "चालत कशाला आलात? घरबसल्या मोबाइलवर होते की तक्रार!"

"मोबाइल कुठे माझ्याकडे, साहेब? घरात एकच, तो ह्यांच्या खिशात. नेटने बायका बिघडतात म्हणतात."

ठाण्याची लिखापढी करणाऱ्या मुंशीजींनी अर्ज कंप्युटरवर चढवला. मोबाइल नंबराचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. तिला एकच नंबर पाठ होता, तो तिने सांगितला. कोणाचा, हे आम्ही विचारलं नाही! उद्या नवऱ्याला बोलावतो, असं सांगून मी तिला घरी पाठवलं.

सकाळी तिची शेजारीण धापा टाकत आली. "काल संध्याकाळपासून ती दिसली नाही हो. तो म्हणतो मायके गेली. अन् चपला तर दारातच आहेत!"

नवऱ्याला आणलं. गडी गोडबोल्या. "गुस्सा होऊन गेली जी. पूछ लो तिच्या आईला," म्हणत त्याने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. आई म्हणाली, इथे आलीच नाही. फोन ठेवला आणि मेसेज दिसला. आमच्याच ठाण्याचा! तक्रार नोंदवल्याचा, खाली लिंक. दाबली तर तिचा अख्खा अर्ज उघडला. तिने सांगितलेला नंबर याचाच होता. ती घरी पोहोचायच्या आत याने सगळं वाचलं होतं.

"आई नाही म्हणते, चपला घरात. कुठे आहे ती?" मी ओरडलो. तासभर तो टाळाटाळ करत राहिला, मग फुटला. सांवेर गावाजवळ त्याच्या भावाच्या शेतावर, सोयाबीन साठवायच्या खोलीत कोंडली होती.

आम्ही कुलूप तोडलं. जिवंत होती, देवाची कृपा. ओठ फाटलेला. पाणी प्यायली, मला हात जोडले आणि विचारलं, "मी तर कोणाला बोलले नव्हते, साहेब. ह्यांना कोणी सांगितलं?"

"आम्ही," मी म्हणालो. तिने जोडलेले हात खाली घेतले.

नवऱ्याला अटक झाली. ठाण्याच्या रोजनामच्यात मी आमची चूकही लिहिली. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बाईला नंबर लिहिण्याआधी विचारत राहिलो, हा फोन कोणाच्या हातात असतो? चांगल्या शिकलेल्या बायकाही मान खाली घालून म्हणायच्या, "ह्यांच्या." मी दर वेळी हादरायचो. एवढा साधा प्रश्न, आणि तो मला शिकवायला एका बाईला मार खावा लागला.