डाव्या कोपऱ्याची उंची

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ कांदा निघायच्या आधी, न्हावऱ्यातल्या एका व्यापाऱ्याचं शेड आठवडाभर रिकामं होतं. तिथे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या महिला कबड्डी संघांची निवड झाली. खेळाडू चोवीस, जागा वीस. चिठ्ठी टाकून पहिली पाळी ठरायची आणि मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने एकेक खेळाडू घ्यायची. कुणी कुठल्या तालुक्यातली, याला महत्त्व नव्हतं. ज्यानं आधी घेतलं त्याची. उरलेल्या चौघींनी घरी जायचं.

मी एका दैनिकाची तालुका बातमीदार. त्या दिवशी मात्र बातमीसाठी गेले नव्हते. अक्षर बरं म्हणून मला तक्ता लिहायला बसवलं होतं. रकाने पाच होते: वय, उंची, वजन, हाताची लांबी, वीत.

शिरूरची निवड माझे वडील करणार होते. गावात त्यांना आप्पा म्हणतात. शेती आहे, तरुणपणी ते कव्हरला, म्हणजे कोपऱ्याच्या खेळाडूशेजारी, खेळलेले आहेत आणि कबड्डीत आपल्याला कळतं याबद्दल त्यांना कधी शंका आलेली नाही. दौंडच्या बाजूने एक निवृत्त रेल्वे कर्मचारी होत्या. स्वतः बारा वर्षं खेळलेल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत.

चोवीस जणींत माझी भावजय होती. माहेर वरवंडजवळचं. कॉलेजात डावा कोपरा खेळायची. लग्नानंतर चार वर्षं मैदानावर पाय ठेवला नव्हता. निवडीच्या सकाळी आईनं तिला डबा देताना सांगितलं होतं, "या खेपेला घेतलं तर खेळ. न्हाई घेतलं तर बूट माळ्यावर टाक. पोरगी तीन वर्षांची झाली, मी किती दिवस मागं पळू तिच्या?" भावजय "बरं आत्या" म्हणाली होती. आईचा शब्द घरात फिरत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

गट पासष्ट किलोखालचा होता. वजनाला शेडमधलाच कांद्याचा काटा घेतला आणि काट्यावर बाजारातला जुना मापाडी उभा राहिला. तो आकडा मोठ्यानं पुकारायचा, मी लिहायचे. माझ्या जागेवरून काट्याचा आकड्यांचा पडदा दिसत नव्हता. उठून बघायला चार पावलं लागली असती. मी उठले नाही.

भावजयीची पाळी अठरावी होती. मापाडी ओरडला, "चौसष्ट तीनशे!"

मी लिहिलं. ती काट्यावरून उतरली नाही.

"काका, परत वाचा की."

"चौसष्ट तीनशे. पास हाय तू, उतर."

"पडद्यावर पासष्ट तीनशे हाय."

मापाडी पडद्याकडं बघत राहिला, मग कपाळावर हात मारला. "आयला! बारदान वजा करतोय मी."

तीस वर्षं तो पोत्यांची वजनं करत आला होता. काट्यावर काही ठेवलं की गोणपाटाचं किलोभर वजा करूनच आकडा तोंडातून निघायचा. त्या सवयीनं त्यानं सतरा बायकांचंही बारदान वजा केलं होतं. शेडमध्ये हशा उसळला. कोरेगाव भीमाची एक चढाईपटू म्हणाली, "काका, आम्हाला गोणीत घालूनच न्या आता."

मला हसू आलं नाही. पुकारलेला आकडा न पडताळता लिहायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माझ्या तक्त्यातला वजनाचा अख्खा रकाना चुकीचा होता. मी तो खोडला आणि या वेळी काट्याशेजारी उभी राहिले. फेरवजनात दोघी पासष्टच्या वर निघाल्या. एक आळंदीकडून आलेली मुलगी, दुसरी भावजय.

"कशाला बोललीस?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ दूध घालाय गेले की डेअरीच्या काट्यावर उभी राहती मी, ताई. मला माझं वजन पाठ हाय. सामन्याच्या दिवशी दुसरा काटा असंल. तवा बाहेर काढलं तर सगळ्या संघाला भोगावं लागंल."

नियमाप्रमाणे निवड सुरू होईपर्यंत पुन्हा वजन करता येत होतं. हाताशी एक तास होता. आळंदीच्या मुलीनं चप्पल घातली आणि भावाला फोन लावला. भावजयीनं घाम निघावा म्हणून सकाळच्या गारव्याला आणलेला माझा स्वेटर मागून घेतला, वर मापाड्याचं जाकीट चढवलं आणि शेड ते कालव्याच्या चारीचा पूल अशा पळत फेऱ्या मारायला लागली. ऊन डोक्यावर होतं. आप्पा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी तिला थांब म्हटलं नाही आणि पळ म्हणूनही सांगितलं नाही. तासाभरानं ती काट्यावर चढली. चौसष्ट नऊशे. आकडा मी स्वतः वाचला.

चिठ्ठी आप्पांच्या बाजूने पडली. त्यांनी पहिल्याच पाळीला पाच फूट सात इंचाची ती कोरेगावची चढाईपटू घेतली. पुढे प्रत्येक वेळी त्यांचं बोट तक्त्यावरच्या उंचीच्या रकान्यावर फिरायचं. मॅडम तक्ता फारसा बघत नव्हत्या. सोळा जणी गेल्या. भावजय अजून भिंतीला टेकून उभी होती. माझ्या कागदावर तिच्या नावापुढं पाच फूट एक इंच होतं. हाताची लांबी सगळ्यांत कमी.

सतरावी पाळी आप्पांची. ते थांबले. बाजूचा एक जण म्हणाला, "आप्पा, घरचीच हाय, घ्या की."

"घरची हाय म्हणून घेणार न्हाई आन् घरची हाय म्हणून सोडणार बी न्हाई," आप्पा म्हणाले. "उंची न्हाई तिला. कोपऱ्याला हात लांब लागतो. पाच सातची बाई अंगावर आली तर हिचा हात कुठं पोचंल? कमरेला."

"कमरेला कशाला पोचायला हवा?" मॅडम म्हणाल्या. "घोटा उंच बाईचा असो नाहीतर बुटकीचा, जमिनीपासून सारखाच असतो."

"आन् ती उडी मारून गेली म्हंजी?"

"मग कव्हर काय शेंगा खात बसलंय का? तुम्ही कव्हरला उभे राहून काय करत होता, आप्पा?"

लोक हसले. आप्पाही हसले, पण हटले नाहीत. "म्या मोजमापावर बोलतोय."

"बैल घेताना आधी शिंगं बघता का खूर?"

"खूर."

"मग इथं शिंगं का मोजत बसलाय?"

भिंतीकडून आवाज आला, "मॅडम, मी हितंच उभी हाय. खुराचं जरा बेतानं."

या वेळचा हशा बराच वेळ चालला. तो संपल्यावर मॅडम उठल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तास पळून आलीय. तेव्हापासून उभीच आहे. मी मघापासून हिचे पाय बघतेय. दमलेल्या बाईची टाच उचलते, वजन पंजावर जातं. हिची टाच जमिनीला चिकटलेली आहे. मांडी बघा, बूड बघा. ही पायाला चिकटली तर ओढून लायनीपर्यंत कोण नेईल?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमच्या कागदात टाचेचा रकाना आहे का?"

नव्हता. मी तसं सांगितलं.

आप्पांनी सुनेच्या पायांकडं पाहिलं. सासऱ्यानं सुनेच्या पायांकडं चारचौघांत असं बघायची आमच्याकडं रीत नाही. त्यांनी लगेच मान वळवली. सतराव्या पाळीला त्यांनी पाच फूट सहा इंचाची एक कव्हर घेतली.

"अठरावी आमची. डावा कोपरा," मॅडम म्हणाल्या आणि बसायच्या आधी भावजयीच्या हातात पाण्याची बाटली दिली. तोवर ती पाणी प्यायली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

घरी आईनं एवढंच विचारलं, "कुणी घेतलं?"

"दौंडनं," भावजय म्हणाली.

आई आप्पांकडं बघत राहिली. "आन् तुम्ही काय करत होता तिथं?"

 पुढचा महिनाभर भावजय सरावाला गेली की नात आप्पांच्या खांद्यावर असायची.

पहिला सामना वरवंडला झाला. शिरूर दौंडकडून चार गुणांनी हरलं. भावजयीनं पाच पकडी केल्या, त्यातल्या तीन कोरेगावच्या त्या उंच चढाईपटूच्या, तिन्ही घोट्यावर. आप्पा हरलेल्या संघाच्या बाकावर शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसले होते. घरच्या माणसाची बातमी आपण लिहू नये म्हणून मी ती दौंडच्या सहकाऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर चार ओळींत आली.

सकाळी सातला आप्पांचा फोन आला. ते हरल्याबद्दल बोलतील असं मला वाटलं.

"पाच पकडी आन् चार ओळी? सगळ्या मैदानात तसा कोपरा दुसरा न्हवता. कुणी लिहिलीय ही?"

मी म्हटलं, जागा तेवढीच होती, आणि घरचं माणूस असल्यामुळं मी लिहू शकत नव्हते.

"ती खेळली तवा घरची न्हवती, दौंडची होती," आप्पा म्हणाले. "तू लिही."

तेव्हा मी लिहिलं नाही. आता लिहिलं आहे. उंची, वजन आणि पकडींचे आकडे मी दोनदा पडताळले आहेत.