दमलेली असताना तपासा

गोव्यातल्या मये गावच्या सुमंगलाचा आवाज तालुक्यातली निम्मी माणसं ओळखायची, चेहरा मात्र थोड्यांनीच पाहिलेला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ट्रंक कॉल जोडून द्यायची. राजभाषेवरून घराघरांत वाद चालले होते, तेव्हाही मराठीत मागणाऱ्याला ती मराठीत आणि कोंकणीत मागणाऱ्याला कोंकणीत उत्तर द्यायची. एकदा कुणी चिडून विचारलं, "बाय, तुजी भास खंयची?"

"आधी नंबर सांगा. लाईन लागली की मग भांडू," ती म्हणाली.

गोवा घटकराज्य झाला त्या दिवशी अभिनंदनाच्या कॉलांनी बोर्डावरचे दिवे विझेचनात. दुपार कलली आणि सुमंगलाचे शब्द नाकातून येऊ लागले. जीभ जड झाली, डाव्या डोळ्याची पापणी खाली उतरली, बोर्डावरच्या एकेका भोकाची दोन-दोन दिसायला लागली. घरी जाऊन ती निजली. सकाळी सगळं जागच्या जागी. पण पुढे हे रोजचंच झालं. सकाळी खणखणीत, दुपारी बोबडी. जेवताना चावता चावता जबडा थांबायचा.

मग एका गिऱ्हाईकाने वर तक्रार केली : ऑपरेटर बाई पिऊन बसते. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं. सुमंगला त्यांच्या टेबलावर वाकली आणि म्हणाली, "वास घ्या, साहेब. घ्या ना." साहेब मागे सरकले. पण कुजबूज राहिलीच.

नवरा कृष्णनाथ खाणीच्या ऑफिसात कारकून. त्याने तिला पणजीच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. रक्त, एक्स-रे, मुंबईला जाऊन मेंदूचा फोटो, सगळं झालं. डॉक्टर हसून म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. तुमच्या मनावर ताण आहे, बाकी काही नाही."

"ताणाने पापणी पडते?"

"आत्ता कुठे पडलीय?"

खरंच, तेव्हा ती पडलेली नव्हती.

सासू यशोदा म्हणाली, "सुमा, देवाक गाऱ्हाणा घालूया गे."

"घाला, आई. पण मी डॉक्टरांकडेसुद्धा जाणार."

"नॉर्मल म्हणालो मगे तो डॉक्टर?" कृष्णनाथ दमून म्हणाला. "आणि कितल्या दारांनी जावप?"

सुमंगला खिडकीपाशी बसली होती. एकदम वळली. "आपण जातो कधी? मी रजा घेते, पोटभर झोपते, पहिल्या बसने जाते. तो मला ताजीतवानी बघतो. माझा आजार दुपारी येतो, त्या वेळी त्याचं दार बंद."

तिने दुपारची वेळ मागून पाहिली. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर नवीन-जुने सगळे पेशंट सकाळीच बघतात. शिवाय तुमचे रिपोर्ट झालेत.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर सुमंगलाने स्वतःच्या नावाने पणजीचा कॉल नोंदवला. आवाज आधीच बसत चालला होता. डॉक्टर लाईनवर आले.

"मी मयेची सुमंगला. फोन ठेवू नका. मी बोलत राहते, तुम्ही ऐका."

"अहो, पण..."

"तुम्ही म्हणालात, काही नाही. मग हे काय ते सांगा." आणि ती बोलत सुटली : सकाळपासून काय खाल्लं, कोणाचे कॉल लावले, मयेहून यायला कुठली बस. हळूहळू शब्द नाकात शिरले. मग त्यांच्या कडा गेल्या. शेवटी 'बस' म्हणताना ओठ मिटेनात, नुसता वारा आला. शेजारची ऑपरेटर चंद्रावती घाबरून उठली. सुमंगलाने हातानेच तिला खाली बसवलं आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला.

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही सकाळी तपासायला आलात तेव्हा असं बोलत नव्हतात."

तिने बोटाने रिसीव्हरवर टकटक केलं.

"उद्या काम करून, अशाच दमून या. कितीही उशीर होवो, मी थांबतो."

ती तशीच गेली, पापणी मिटत आलेली, मान कृष्णनाथच्या खांद्याला टेकलेली. डॉक्टरांनी तिला छताकडे टक लावून बघायला सांगितलं, आकडे मोजायला लावले, मग दंडात इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पापणी आपोआप वर गेली. कृष्णनाथ बघतच राहिला. "माझं नाव सांगू?" तिने विचारलं, आणि आवाज स्वच्छ निघाला.

नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, असा तो आजार. विश्रांतीने झाकला जातो, मेंदूच्या फोटोत दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, "हे मी आधीच ओळखायला हवं होतं."

"हो, हवं होतं," सुमंगला म्हणाली. नुसतं हसून तिने ते सोडून दिलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. ती कामावर परतली, थेट साहेबांसमोर उभी राहिली. "सगळ्यांसमोर विचारलं होतं, आता सगळ्यांसमोर सांगा." साहेबांना बोर्डापाशी येऊन सांगावं लागलं की बाई पीत नव्हती, आजारी होती.

आजार गेला नाही. वाईट दिवस यायचे. मधली सुट्टी ती झोपून काढायची, हक्काने मागून. गोळ्यांसाठी पणजीला जाई तेव्हा दवाखान्यातल्या बाकावरच्यांशी बोलायची. एकदा पेडण्याची एक तरुण बाई रडताना दिसली. पाय मध्येच लुळे पडतात, रिपोर्ट मात्र सगळे चांगले. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलेलं.

"रिपोर्ट चांगले आले म्हणून तू खोटी ठरत नाहीस," सुमंगला म्हणाली. "पाय केव्हा जातात, काय केल्यावर जातात, ते सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

सुमंगलाने तिचा हात धरला, आणि नंबर न लागताच डॉक्टरांचं दार ढकललं.